टॅग म्हणजे एलिमेंट नव्हे

वेबपाने लिहिण्याच्या एचटीएमएल या भाषेत टॅग ही खूण असते आणि त्या खुणांनी जो भाग ठरतो तो एलिमेंट. एक साधे वाक्य परिच्छेद म्हणून मांडायचे तर ते असे लिहितात (टॅगची नावे प्रत्यक्षात रोमन अक्षरांत टाइप होतात, इथे उच्चार दिला आहे):

<पी>जालना जिल्ह्यात <स्ट्राँग>आठ</स्ट्राँग> तालुके आहेत.</पी>

या ओळीत टॅग चार आहेत आणि एलिमेंट दोन. कोनी कंसात नुसते नाव असेल तर तो सुरुवातीचा टॅग, नावाआधी तिरकी रेघ असेल तर शेवटचा. पहिल्या ‘पी’पासून शेवटच्या ‘पी’पर्यंत जे जे आहे, मजकूर आणि आतला ‘स्ट्राँग’ धरून, ते सगळे मिळून ‘पी’ हा एक एलिमेंट होतो.

इतके सरळ असूनही ‘टॅग आणि एलिमेंट एकच’ हा गैरसमज हटता हटत नाही. अकरावी-बारावीला माहिती तंत्रज्ञान घेतलेल्या मुलांना जालन्यात विचारा की भोकरदनला, ‘टॅग दोन प्रकारचे, कंटेनर टॅग आणि एम्प्टी टॅग’ हे पाठ केलेले उत्तर हमखास येते. टॅगच्या पोटात काहीही मावत नाही. मजकूर सामावतो तो एलिमेंटमध्ये. ‘कंटेनर टॅग’ म्हणणे म्हणजे बांधालाच शेत म्हणणे. बांध नांगरून टाकला तरी शेत सातबाऱ्यावर राहते; एचटीएमएलमध्येही टॅग गाळला तरी एलिमेंट राहू शकतो.

यावर ‘शब्दांचा कीस कशाला काढायचा?’ हा प्रश्न ठरलेला. डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने डिसेंबर १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एचटीएमएल ४.०१ च्या मानकात हा कीस मुद्दाम काढलेला आहे. एलिमेंट म्हणजे टॅग नव्हेत, असे तिथे स्पष्ट बजावले आहे आणि दाखला ‘हेड’चा दिला आहे: त्याचे दोन्ही टॅग लिहिले नाहीत तरी ‘हेड’ एलिमेंट पानात असतोच. गोंधळ तसा जन्मापासूनचा. टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ मध्ये या भाषेची पहिली ओळख करून दिली त्या दस्तऐवजाचे नावच ‘एचटीएमएल टॅग्ज’ होते. त्यामुळे नवशिक्यांना दोष देता येत नाही. शिकवणाऱ्यांकडे मात्र १९९९ नंतर सबब उरलेली नाही.

खात्री करून घ्यायची तर तालुक्यांचा तक्ता पुरतो. नोटपॅडमध्ये ‘टेबल’ उघडावे आणि जालना, बदनापूर, भोकरदन, जाफ्राबाद, परतूर, मंठा, अंबड, घनसावंगी या आठ नावांसाठी आठ ओळी (टीआर) आणि प्रत्येक ओळीत एक खण (टीडी) लिहावा. सगळे टॅग नीट बंद केले तर एकूण ३४ टॅग होतात, म्हणजे हिशेबाने १७ एलिमेंट. आता फाइल ब्राउझरमध्ये उघडून, राइट क्लिक करून ‘इन्स्पेक्ट’ दाबावे. तक्त्यात एलिमेंट १८ दिसतात. ‘टेबल’ आणि ‘टीआर’ यांच्यामध्ये ‘टीबॉडी’ नावाचा एलिमेंट येऊन बसलेला असतो. त्याचा टॅग कोणीही टाइप केलेला नाही. मानकाच्या नियमाप्रमाणे ब्राउझरने तो स्वतः निर्माण केला. पुढे ओळी आणि खण यांचे शेवटचे १६ टॅग खोडून टाकावेत आणि पान पुन्हा लोड करावे. टॅग १८ उरले, एलिमेंट तेव्हाही १८च.

फरक न कळण्याची किंमत इथेच मोजावी लागते. पानाचे रंगरूप ठरवणाऱ्या सीएसएसमध्ये ‘टेबलच्या थेट आत असलेली टीआर’ रंगवण्याचा नियम लिहिला की या तक्त्याची एकही ओळ रंगत नाही, कारण टेबलच्या थेट आत टीआर नाहीच, टीबॉडी आहे. टॅग मोजत बसलेला विद्यार्थी तासभर स्पेलिंग तपासतो.

दुसरी नेहमीची फसगत परिच्छेदाची. ‘पी’ उघडून त्याच्या आतच तालुक्यांची यादी (यूएल) घातली आणि शेवटी ‘पी’ बंद केला, की यादी परिच्छेदात गेली असे वाटते. ‘पी’च्या आत यादी चालत नाही, म्हणून ‘यूएल’ दिसताच ब्राउझर परिच्छेद तिथेच संपवतो. शेवटचा ‘पी’ टॅग मग एकटा पडतो आणि त्याच्यापासून एक रिकामा परिच्छेद तयार होतो. टॅगची जोडी एक, परिच्छेद दोन.

बाकीचे गैरसमज किरकोळ आहेत. प्रत्येक टॅग बंद करावाच लागतो, असे नाही: ‘बीआर’, ‘एचआर’, ‘आयएमजी’ यांना शेवटचा टॅग नसतो, आणि ‘बीआर’मध्ये तिरकी रेघ देण्याची सवय ही २००० साली आलेल्या एक्सएचटीएमएलची उरलेली खूण; एचटीएमएलमध्ये तिथे त्या रेघेने काहीच होत नाही. टॅगची नावे लहान लिपीत लिहा की मोठ्या, सारखेच. ‘एच वन’ ते ‘एच सिक्स’ अक्षर मोठे करण्यासाठी नसतात, मथळ्याची पातळी सांगण्यासाठी असतात. पानाच्या सुरुवातीचा ‘डॉकटाइप’ हा टॅग नव्हे. आणि एचटीएमएल ही प्रोग्रामिंगची भाषा नव्हे, मजकुराची रचना सांगणारी आहे. यात कमीपणा काही नाही.

मराठीबद्दलचे दोन समज वेगळे सांगायला हवेत. टॅगचे नाव देवनागरीत देता येत नाही. कोनी कंसात ‘जालना’ लिहिले तर ब्राउझर त्याला टॅग मानतच नाही, कंसासकट पडद्यावर छापतो. तेच नाव रोमन अक्षरांत लिहिले तर तो अनोळखी एलिमेंट समजतो, आणि खूण पडद्यावर दिसत नाही. दुसरा समज फॉन्टचा: मराठी पानाला खास मराठी फॉन्ट बसवावाच लागतो असे नाही. फाइल यूटीएफ-८ मध्ये साठवावी आणि तसे ‘मेटा’ एलिमेंटमध्ये नोंदवावे, एवढ्यावर भागते. भाषेची नोंद मात्र वगळू नये. मराठी आणि हिंदी ‘ल’ व ‘श’ यांची वळणे वेगळी आहेत, आणि ज्या फॉन्टमध्ये दोन्हींची सोय आहे त्यातून कोणते घ्यायचे हे ब्राउझर भाषेवरून ठरवतो. ‘जालना’ या शब्दात मराठी ‘ल’ दिसायला हवा असेल, तर पानाच्या पहिल्याच ‘एचटीएमएल’ एलिमेंटच्या सुरुवातीच्या टॅगमध्ये ‘लँग’ हा गुणधर्म देऊन त्यापुढे ‘एमआर’ लिहावे.