सात वेळा पाणी

धावपटू ललिता बाबर यांची कारकीर्द समजून घ्यायची, तर आधी पाण्याच्या खड्ड्यापाशी थांबावे लागते. 3000 मीटर स्टीपलचेस, म्हणजे अडथळे ओलांडत धावायची लांब पल्ल्याची शर्यत, धावपटूला 28 वेळा आडव्या तुळईवरून आणि 7 वेळा तुळईपलीकडच्या पाण्यावरून नेते. स्त्रियांसाठी ही तुळई 76.2 सेंटिमीटर उंच असते आणि हर्डलसारखी धक्क्याने कलंडत नाही, त्यामुळे पाऊल चुकले तर पडते ती धावपटूच. पाण्याचा खड्डा तुळईला लागून सर्वांत खोल असतो आणि पुढे उतरत्या तळाने धावमार्गाच्या पातळीला मिळतो. म्हणून तुळईवर एक पाय टेकवून जितकी लांब झेप घ्यावी, तितके पाणी उथळ लागते. दमलेली धावपटू मात्र झेपेत आखडते, खोल पाण्यात उतरते, आणि तिथून बाहेर पडताना मोडलेली लय जुळवण्यातच तिची उरलीसुरली ताकद खर्ची पडते.

सातारा जिल्ह्यातील, पर्जन्यछायेतल्या माण तालुक्याच्या मोही गावच्या ललिता या शर्यतीकडे मॅरेथॉनमधून आल्या. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत सलग तीनदा पहिल्या आलेल्या या धावपटूकडे दम आधीपासूनच होता. तो अडथळ्यांवर न सांडण्याचे कसब नव्याने कमवायचे होते, आणि हे शिक्षण कमी लेखण्यासारखे मुळीच नव्हते. 2014 च्या इंचिऑन आशियाई क्रीडास्पर्धेत कांस्य, 2015 मध्ये वूहानच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत सुवर्ण आणि त्याच वर्षी बीजिंगच्या जागतिक स्पर्धेत आठवा क्रमांक, इतक्या वेगाने ते फळाला आले.

2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये प्राथमिक फेरीत त्यांनी 9 मिनिटे 19.76 सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला, आणि 1984 मध्ये पी. टी. उषा यांनी गाठलेल्या अंतिम फेरीनंतर धावमार्गावरील वैयक्तिक ऑलिंपिक अंतिम फेरीत प्रथमच भारतीय स्त्री उतरली. अंतिम शर्यतीत त्या 9 मिनिटे 22.74 सेकंदांत दहाव्या आल्या. दोन दिवसांच्या अंतराने, त्याच 35 अडथळ्यांवरून, त्यांच्या दोन वेळांत तीन सेकंदांहूनही कमी फरक पडला. पदकाच्या हिशोबात न दिसणारे हे सातत्यच या धावपटूचे खरे सामर्थ्य मानावे लागते.