खेळापलीकडचा प्लेस्टेशन (७) : कुवेतचं यंत्र, महाडची डिस्क

कॉम्प्युटरवरचे सिनेमे वायरीने पीएस-थ्रीपर्यंत कसे आणायचे, ते या वेळी सांगणार होतो. ते पुढच्या आठवड्यावर गेलं. महाडच्या खाडीपट्ट्यातल्या तुडीलहून एक प्रश्न आलाय, आणि या विषयावर बोलायला मला नुसतं निमित्त लागतं.

भावाने कुवेतहून आणलेला पीएस-थ्री घरात आहे. गेम उत्तम चालतात. हिंदी सिनेमाची डीव्हीडी चालते. महाडला घेतलेली इंग्रजी सिनेमाची डीव्हीडी मात्र तो नाकारतो, आणि कपाटातल्या मराठी नाटकांच्या व्हीसीडी घातल्या तर ढिम्म. यंत्र बिघडलंय का, असं त्यांनी विचारलंय.

यंत्र ठणठणीत आहे. आधी इंग्रजी सिनेमाचं बघू. डीव्हीडी आली तेव्हा सिनेमा कंपन्यांनी जगाचे विभाग पाडले. अमेरिका आणि कॅनडा १. पश्चिम युरोप, जपान आणि आखाती देश २. भारत मात्र रशिया आणि बऱ्याचशा आफ्रिकेबरोबर ५. अमेरिकेत सिनेमा डिस्कवर यायचा तेव्हा कधी कधी तो आपल्याकडे थिएटरात लागलेलाही नसायचा. तिकडची डिस्क इकडे चालू नये म्हणून हा खटाटोप. कुवेत २ मध्ये, महाड ५ मध्ये. खाडीपट्ट्यातली माणसं कामाला आखातात जातात आणि सुट्टीवर येताना सामान घेऊन येतात, हे तो नकाशा आखणाऱ्यांच्या गावीही नव्हतं. हिंदी डीव्हीडी चालते, कारण बऱ्याच भारतीय कंपन्या डिस्कला हे कुलूप लावतच नसत. त्यांचं गिऱ्हाईक दुबईतही होतं आणि लंडनमध्येही. डीव्हीडीच्या वेष्टनावर मागे पृथ्वीच्या गोलाचं छोटं चिन्ह असतं. त्यात ५ आहे की 'ऑल', ते पाहूनच विकत घ्या.

कॉम्प्युटरच्या डीव्हीडी ड्राइव्हमध्ये हा विभाग पाच वेळा बदलता येतो. पीएस-थ्रीमध्ये एकदाही नाही. गंमत म्हणजे त्याच यंत्रावर गेम जवळजवळ कुठल्याही देशातले चालतात. ब्लू-रेला पुन्हा विभाग आहेतच, भारत सी आणि आखात बी. फोर-के डिस्कवर मात्र ही भानगड ठेवली नाही. उशिरा का होईना, सुचलं.

व्हीसीडीची गोष्ट निराळी, आणि मला जास्त प्रिय. तिचे नियम १९९३मध्ये ठरले. चित्र एमपीईजी-१ पद्धतीचं, एका डिस्कवर ७४ मिनिटं. म्हणून सिनेमा दोन डिस्कांवर यायचा आणि ऐन रंगात उठून डिस्क बदलावी लागायची. नाटकाला तेच सोयीचं, मध्यंतर आयतंच मिळायचं. अमेरिकेने या डिस्कला फारशी भीक घातली नाही, आशियाने ती डोक्यावर घेतली. २००७मध्ये मोझर बेअरने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना काढली तेव्हा आपल्याकडे दोन्ही शेजारी शेजारी विकल्या जात होत्या.

सोनीला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पहिल्या प्लेस्टेशनचं एक पांढरं मॉडेल तिने खास आशियाई बाजारासाठी काढलं होतं, एससीपीएच-५९०३. ते व्हीसीडी चालवायचं. पुढे २०००मध्ये पीएस-टू आला. जपानमध्ये अनेकांनी तो स्वस्त डीव्हीडी प्लेअर म्हणूनच उचलला. त्याच्या चिपला एमपीईजी-१ उलगडता येत होतं, तरी व्हीसीडी वगळली.   

पीएस-थ्रीचंही तसंच. व्हीसीडीची डिस्क तो ओळखत नाही, पण आतलं चित्र फाइल म्हणून दिलं तर दाखवतो. कॉम्प्युटरवर डिस्क उघडा. 'एमपीईजीएव्ही' नावाच्या फोल्डरमध्ये 'डॅट' शेपटीची मोठी फाइल असेल. नुसतं नाव बदलून तिला 'एमपीजी' केलं तर कधी चालतं, कधी नाही, कारण चित्राभोवती सीडीचं जादा आवरण असतं. व्हीसीडीगिअरसारख्या प्रोग्रॅमने ते काढून टाका. मग फाइल पेनड्राइव्हवर घ्या. पेनड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली हवी. विंडोज ३२ जीबीपर्यंतच तशी सरळ करून देतं. फॅट-३२वर चार जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, पण व्हीसीडी पाऊण जीबीच्या आसपास असते, तेव्हा ती चिंता नको. पीएस-थ्रीच्या व्हिडिओच्या रांगेत पेनड्राइव्ह दिसेल. ती रिकामी दाखवली तर त्रिकोणाचं बटण दाबून 'डिस्प्ले ऑल' निवडा. नाटक आवडीचं असेल तर त्याच बटणाखालच्या 'कॉपी'ने ते यंत्राच्या हार्ड डिस्कवरच ठेवून द्या.

पुढे पीएस-फोर घ्यायचा विचार असेल तर हे काम आत्ताच उरका. तो कुठलीही सीडी वाचत नाही, गाण्यांचीसुद्धा.

वायरीचं आता नक्की पुढच्या आठवड्यात. राउटर नसला तरी चालेल, साधी लॅन केबल तेवढी आणून ठेवा.