लोखंडाची माहेरओढ

बॉनेटच्या दोन्ही बाजूंच्या कड्या सोडवून ते वर उचलले, तेव्हा आतील प्रत्येक वस्तूवर, म्हणजे टॅपेट कव्हरवर, डायनॅमोच्या पाठीवर, रेडिएटरच्या माथ्यावर आणि वायरींच्या जुडग्यावरसुद्धा, तांबड्या धुळीचा इतका सलग थर बसलेला होता की हे इंजिन लोखंडाचे आहे की मातीचे, असा क्षणभर संभ्रम पडावा. ही धूळ आमच्या घराला नवी नाही. एटापल्लीहून सूरजागडच्या डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्यालगत आमचे घर आहे, आणि ज्या डोंगरावर माडिया लोकांच्या ठाकूरदेवाचे स्थान आहे, त्याच डोंगराच्या पोटातील हेमेटाइट नावाचे लोहखनिज भरून ट्रकांची रांग दिवसरात्र आमच्या दारावरून आलापल्लीच्या दिशेने जात असते. २००७ साली तेथे सुमारे ३४८ हेक्टरांचा खाणपट्टा मंजूर झाला. पुढे बराच काळ काम बंद-चालू राहिले आणि गेल्या काही वर्षांत ते जोराने सुरू झाले. तेव्हापासून अंगणातील तुळस, दोरीवरचे धोतर आणि पडवीतली जीप या तिन्हींचा रंग एकच झाला आहे.

जीप १९७३ सालची, महिंद्रची सीजे-३बी. विलीज कंपनीने १९५३ साली हा नमुना काढला, आणि महिंद्रने परवान्यावर त्याची निर्मिती आपल्या देशात दीर्घकाळ चालविली. हिचे बॉनेट इतर जीपपेक्षा उंच दिसते ते शोभेसाठी नव्हे. हरिकेन नावाच्या तिच्या इंजिनात हवा आत घेणाऱ्या झडपा वरच्या हेडमध्ये आणि धूर बाहेर टाकणाऱ्या झडपा खालच्या ब्लॉकमध्ये असल्यामुळे त्या इंजिनाची उंची वाढली, सबब पत्र्यालाही वर चढावे लागले. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा सारा मुलूख जगापासून तुटत असे, त्या काळी या अरण्यात वनखात्याचे अधिकारी, बांबूचे ठेकेदार आणि डॉक्टर ज्या वाहनाच्या भरवशावर हिंडले, ते हेच होय. अशाच एका ठेकेदाराच्या घरून अकरा वर्षांपूर्वी मी ही घेतली. शाळेतून निवृत्त झाल्यावर हिला पुन्हा रस्त्यावर आणीन, असा मनाशी केलेला करार यंदाच्या मार्गशीर्षात पाळावयास घेतला.

मदतीला आलापल्लीचे एक वृद्ध मिस्त्री आले. सागाच्या तुळईला चेनकप्पी बांधून आम्ही इंजिन बाहेर काढले आणि ओट्यावर ठेवले. मी उत्साहाने आदल्या दिवशीच रंगाचे डबे आणून ठेवले होते. त्यांच्याकडे पाहून मिस्त्री म्हणाले, "गुरुजी, हे डबे आदी आत ठेवा. पयले मळ काढू, मंग जंग काढू, मंग रंगाचं बोलू जी." पुढच्या सात आठवड्यांपैकी पाच आठवडे मळ आणि जंग यांतच गेले, आणि त्या पाच आठवड्यांत मला जे कळले, तेच सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहे.

पहिले काम फेरिस्तीचे. प्रत्येक ब्रॅकेट, प्रत्येक क्लिप, प्रत्येक बोल्ट निघताक्षणी त्याची नोंद वहीत करावयाची, कोणता बोल्ट कोणत्या भोकातला हे चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात बोल्टांबरोबर ठेवावयाची. एकूण ३१ डबे झाले. जुन्या दप्तरात कारकून बारनिशीची नोंद करीत तितक्याच काटेकोरपणाने हे केले पाहिजे, कारण दीड महिन्यानंतर दोन सारख्या दिसणाऱ्या बोल्टांतील अर्ध्या सुताचा फरक आठवणीच्या भरवशावर कोणालाही सांगता येणार नाही.

मग मळ. पट्टीने खरवडताना त्याचे थर एकामागून एक उलगडत गेले. सर्वांत वर गेल्या चार-पाच वर्षांची खनिजाची धूळ, अत्यंत बारीक, बोटांत चोळली असता किंचित चकाकणारी. तिच्याखाली जंगलातल्या कच्च्या रस्त्यांची फिकट माती. आणि तळाशी गळलेल्या ऑइलात मुरून डांबरासारखा घट्ट झालेला काळा लेप. मिस्त्रींनी त्यांतला थोडा मळ वाळवून, कागदावर पसरून, खालून एक लोहचुंबक फिरविले. इंजिनाच्या झिजेतून निघालेले करडे कण ताठ उभे राहून चुंबकामागे धावू लागले, आणि तांबडी धूळ बहुतेक जागच्या जागी निश्चल राहिली. दोन्ही मूळचे लोहच. परंतु एक भट्टीतून जाऊन आलेले आणि दुसरे अजून डोंगराचेच. इतका साधा प्रयोग मी तीस वर्षे शाळेत शिकवून कधी केला नव्हता, याची खंत वाटली.

काळा लेप डिझेलने आणि ताठ केसांच्या ब्रशाने निघतो. उरलेला चिकटा कढत पाण्यात धुण्याचा सोडा घालून. मात्र सोड्याचे पाणी लोखंडाला चालते, अॅल्युमिनियमला आणि कार्ब्युरेटरच्या जस्तमिश्रित अंगाला ते खाते. सबब त्या वस्तू निराळ्या काढून केवळ रॉकेलने पुसल्या. इंजिनाच्या सर्व उघड्या तोंडांत स्वच्छ कापडाचे बोळे कोंबले होते, आणि किती बोळे कोंबले याचीही मोजदाद वहीत होती, कारण आत विसरलेला एक बोळा साऱ्या मेहनतीवर पाणी फिरवू शकतो.

बॅटरीचे तबक मात्र स्वतंत्र परिच्छेदाला पात्र आहे. पन्नास वर्षांत बॅटऱ्यांतून उतू गेलेल्या गंधकाम्लाने त्याचा तळ चाळणीसारखा केला होता, आणि कडांना पांढरट, हिरवट अशी क्षारांची बुरशी धरली होती. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून त्यावर ओतला, तेव्हा फस्‌ करून फेस आला. फेस थांबला की पुन्हा ओतावयाचा, पुन्हा फेस, पुन्हा ओतावयाचा. चौथ्या वेळी फेस आला नाही, आणि आम्ल संपल्याची ती खूण होय. हे न करता त्यावर कितीही उत्तम रंग चढविला, तरी आत दडलेले आम्ल त्याला खालून उचलून टाकणारच.

आता जंग. मी गंज म्हणतो, आमच्याकडे सारे जंगच म्हणतात. तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, ग्राइंडरवरचे तारेचे चाक ही त्याची आयुधे. डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण चाकातून सुटलेली तार सुईसारखी येते. वरवरचा गंज सहज उडतो आणि पत्रा चमकू लागतो. त्या चमकेने नवशिक्या फसतो. मिस्त्रींनी भिंग माझ्या हाती दिले आणि मडगार्डच्या आतल्या बाजूचा एक चकचकीत भाग दाखविला. त्या चकाकीत मोहरीहून लहान असे शेकडो खड्डे होते, आणि प्रत्येक खड्ड्याच्या तळाशी एकेक तांबडा ठिपका. "गेला नाही जी तो, लपून बसला हाये," ते म्हणाले. ते ठिपके काढण्यासाठी जंग काढण्याचे फॉस्फोरिक आम्ल बारीक ब्रशाने लावून, थांबून, घासून, पुन्हा लावून अकरा दिवस गेले. हे आम्ल गंज विरघळविते आणि मागे लोखंडावर फॉस्फेटचा एक करडा, पातळ थर ठेवून जाते. दिल्लीचा लोहस्तंभ सुमारे सोळाशे वर्षे उघड्यावर उभा असून टिकला, त्याचे कारण कानपूरच्या आयआयटीतील धातुशास्त्रज्ञ आर. बालसुब्रमण्यम यांनी त्याच्या लोखंडातील फॉस्फरसाच्या अधिक प्रमाणात आणि त्यामुळे बनलेल्या संरक्षक थरात दाखविले, हे वाचलेले मला त्या वेळी आठवले, आणि हातातल्या बाटलीविषयी आदर वाटला.

या अकरा दिवसांत रोज संध्याकाळी ओटा झाडताना ब्रशाखाली पडलेली गंजाची भुकटी आणि रस्त्यावरून येऊन पडलेली खनिजाची धूळ एकाच सुपात गोळा होई, आणि त्या दोहोंतील भेद डोळ्यांना कळत नसे. कळावा तरी कसा? हेमेटाइट म्हणजे लोह आणि प्राणवायू यांचा संयोग, आणि गंज म्हणजे तोच संयोग, केवळ पाणी धरून बसलेला. डोंगरातला तो संयोग कोळशाच्या आगीत मोडून माणूस लोखंड वेगळे काढतो. परंतु लोखंडाला ती ताटातूट कधीच मान्य नसते, आणि हवा व ओल यांचा हात धरून ते क्षणोक्षणी माहेरच्या वाटेला लागलेले असते. १८८२ च्या सुमारास चांदा जिल्ह्यातील लोहारा येथील खनिजाचा अहवाल वाचून जमशेटजी टाटांनी याच प्रदेशात पोलाद करण्याचा विचार केला होता. वरोऱ्याचा कोळसा त्या कामी उपयोगी ठरला नाही आणि तो विचार तेथेच थांबला. त्यामुळे आमच्या जीपचे लोखंड कोणत्या तरी दुसऱ्या डोंगराचे. परंतु सूरजागडच्या पायथ्याशी अकरा वर्षे उभे राहून तेही पुन्हा दगड होऊ पाहत होते. अॅल्युमिनियमवर चढणारा थर त्या धातूला घट्ट चिकटून त्याचे रक्षण करतो. लोखंडाचा गंज मात्र मूळ धातूपेक्षा दुपटीहून अधिक जागा मागतो, म्हणून फुगतो, फुटतो, गळून पडतो आणि खालचे कोवळे लोखंड पुन्हा हवेपुढे उघडे करतो. रंगाचे काम एवढेच, की ही वाट अडवून धरावयाची.

आणि ती अडविण्यासाठी प्रथम जो हात द्यावयाचा, तो रेड ऑक्साइडचा. डबा उघडून ढवळताना त्याचा रंग पाहिला आणि हात थांबला. तो नेमका आमच्या रस्त्याचा रंग होता. त्यातील रंगद्रव्य लोहाचेच संयुग. जे आधीच पूर्ण गंजलेले आहे, त्याला आणखी गंजण्याचे भय नाही, म्हणूनच लोखंडाच्या अंगावर त्याची योजना. पूर्वी या कामी शिशाचा शेंदूर वापरीत. तो गंजाला अधिक चांगला आवरी, परंतु विषारी म्हणून तो मागे पडला.

घासलेले लोखंड एक रात्रही उघडे ठेवू नये. पौषातल्या पहाटे दव असे पडते की संध्याकाळी चमकणाऱ्या पत्र्यावर सकाळी केशरी झाक दिसते. सबब सकाळी घासणे, अकराच्या सुमारास ऊन तापले की पुसून प्राइमर, आणि तीननंतर ब्रश धुऊन ठेवणे, असा नियम केला. तरी एकदा चूक झालीच. रेड ऑक्साइड बोटाला लागत नाही एवढे पाहून मी दुसऱ्याच दिवशी पंख्याच्या आवरणावर काळा एनॅमल चढविला, आणि तोही एका दुकानदाराने बेलाशक दिलेल्या जहाल थिनरात मिसळून. अर्ध्या तासात सारा रंग म्हाताऱ्याच्या कातडीसारखा सुरकुतला. खालचा थर आतून ओला होता, आणि वरच्या थिनरने त्याला पुन्हा विरघळविले. ते आवरण लोखंडापर्यंत खरवडून मी पुन्हा आरंभ केला. टर्पेंटाइन घेतले, आणि दोन थरांत चार दिवस ठेवले.

सर्वांत मोठा अडथळा धुळीचा होता. ओल्या रंगावर ट्रकांची धूळ बसली की पृष्ठभाग खरखरीत होतो आणि पाणीपेपरने घासून पुन्हा रंग द्यावा लागतो. आम्ही पडवीच्या तिन्ही बाजूंना जुनी धोतरे आणि चादरी ओल्या करून टांगल्या, जमिनीवर सडा घातला, आणि ब्रॅकेट, पुली, तबक हे सारे तारांना लटकवून, एका हाताने फिरवीत, दुसऱ्या हाताने रंगविले. चादरी दर दोन तासांनी धुवाव्या लागत. पाणी प्रत्येक वेळी तांबडे निघे. सौभाग्यवतीने एके दिवशी ते बादलीतले पाणी स्थिर होऊ दिले आणि तळाशी बसलेला गाळ दाखविला. एका दिवसाचा तो गाळ वाटीभर होता.

कोठे रंग द्यावयाचा नाही, हे ठरविणे तितकेच महत्त्वाचे. गॅस्केट बसते त्या सपाट कडा, बोल्टांचे आटे, आणि इंजिनातून सांगाड्याला जाणाऱ्या अर्थिंगच्या पट्टीची जागा ही कोरी, चकचकीत राहिली पाहिजे. रंग विजेला वाट देत नाही, आणि नवा रंग दिलेली गाडी स्टार्टर फिरवीत नाही याचे कारण पुष्कळदा या एका पट्टीखाली असते. धुराच्या मॅनिफोल्डवर साधा एनॅमल जळून जातो, त्याला उष्णता सोसणारा रुपेरी रंग दिला. चेसिसवर ठोकलेल्या क्रमांकाला ग्राइंडर लावू नये, आणि त्यावर जाड थरही चढवू नये. गाडीचा तोच दाखला, आणि तपासणीच्या वेळी तो स्पष्ट वाचता आला पाहिजे.

मूळ रंगाचा शोधही असाच लागला. वायरींच्या एका क्लिपखाली, जेथे ब्रश कधी पोहोचला नव्हता, तेथे नखाएवढा तुकडा गडद हिरव्याचा निघाला. त्यावर पांढरा, त्यावर निळा, त्यावर पुन्हा हिरवा. आतील सर्व पत्र्याला आम्ही तोच पहिला हिरवा दिला, इंजिन काळे ठेवले. बॉनेट मिटल्यावर यांतले काही दिसणार नाही, मग एवढी मेहनत कोणासाठी, असे एका शेजाऱ्याने विचारले. मिस्त्रींनी टॅपेट कव्हरवरून कापड फिरवीत उत्तर दिले, "पाणी पायते ना जी. पाण्याले सारं दिसते."

माघी पौर्णिमेला इंजिन पुन्हा जागेवर बसले. ३१ डब्यांपैकी ३० रिकामे झाले, आणि एकात जुन्या, वापरून झिजलेल्या सात वॉशर उरल्या, ज्यांच्या जागी आम्ही नव्या घातल्या होत्या. जीप सुरू झाली. पहिल्या तासात मॅनिफोल्डवरून रंग पिकल्याचा धूर आला आणि मग थांबला.

ज्यांच्या अंगणात अशी एखादी जुनी जीप, अॅम्बॅसॅडर वा ट्रॅक्टर उभा असेल, त्यांना माझी एवढीच विनंती आहे की येत्या मृगापूर्वी एकदा बॅटरी उचलून तिच्या तबकाचा तळ पाहावा, आणि तांबडा दिसल्यास रंगाचा डबा आणण्यापूर्वी तारेचा ब्रश आणावा.