जुन्या पिकअपचे आयडलिंग : तपासणी व समायोजन

नाशिक शहराच्या पंचवटी भागात दिंडोरी रस्त्यावर कृषी उत्पन्न बाजार समितीचे आवार आहे. येथे भाजीपाला आणणाऱ्या पिकअप वाहनांपैकी कित्येक जुनी असतात. रांगेत उभे असता इंजिन थरथरून बंद पडणे किंवा उलट विनाकारण घोंघावत राहणे, हा अशा वाहनांचा नेहमीचा दोष होय.

आयडलिंग म्हणजे काय?

एक्सिलरेटरवरील पाय काढल्यावर इंजिन ज्या किमान वेगाने फिरत राहते, त्यास आयडलिंग म्हणतात. यांत्रिक पंपाच्या डिझेल इंजिनात गव्हर्नर हा वेग राखतो. वेग घटताच तो इंधन वाढवितो, वेग वाढताच कमी करतो. वेगाची खालची मर्यादा पंपावरील एका स्क्रूने ठरते.

हा स्क्रू पिळणे सोपे असते, आणि चूक नेमकी तेथेच होते. तुंबलेला एअर फिल्टर, इंधननळीत शिरलेली हवा, खराब नोझल अथवा अडकणारी केबल हे मूळ कारण असेल, तर वेग वाढविल्याने दोष केवळ झाकला जातो. डिझेल मात्र अधिक जळते. म्हणून प्रथम हे दोष दूर करावेत.

समायोजनाची रीत

वाहन मोकळ्या, सपाट जागी हँडब्रेक लावून न्यूट्रलमध्ये उभे करावे. इंजिन पुरेसे तापल्यावर टॅकोमीटरने मिनिटाचे फेरे मोजून ते उत्पादकाच्या पुस्तिकेतील आकड्याशी ताडून पाहावेत. लॉकनट सैल करून स्क्रू थोडाथोडा फिरवावा. रेस देऊन सोडल्यावर इंजिन पुन्हा त्याच वेगावर स्थिरावले, तरच लॉकनट आवळावा. कमाल वेगाच्या मोहोरबंद स्क्रूस हात लावू नये. इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाच्या इंजिनात असे समायोजन स्क्रूने होत नाही. तेथे तपासणी यंत्रच लागते.

नियम व जबाबदारी

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११५ अन्वये डिझेल वाहनास न्यूट्रलमध्ये पूर्ण रेस देऊन धूर मोजतात. भारत स्टेज-४ पूर्वीच्या वाहनांस ६५ हार्ट्रिज एककांची मर्यादा असून पीयूसी प्रमाणपत्र दर सहा महिन्यांनी घ्यावे लागते.

ग्रामपंचायतीची घंटागाडी दारोदार थांबत जाते. तिचे इंजिन बराच वेळ आयडलिंगवरच चालते. त्यात वाया जाणारे डिझेल गावाच्या पैशाचे असते आणि धूर गावाच्याच मुलांच्या श्वासात जातो. वाहनाच्या नोंदवहीत आयडलिंगच्या तपासणीचा एक रकाना ठेवल्यास दोन्ही हानी वेळीच लक्षात येतील.