पाकट : वाळूत दडणारा मासा

भाद्रपदात गणेशमूर्तींच्या विसर्जनासाठी मुंबईच्या किनाऱ्यावर हजारो माणसे अनवाणी पाण्यात उतरतात. सप्टेंबर २०१३ मध्ये गिरगाव चौपाटीवर अशाच वेळी अनेकांच्या पायांना एकाएकी तीव्र वेदना झाल्या व त्यांना रुग्णालयात न्यावे लागले. हा दंश पाकट नावाच्या माशाचा होता. पाकट माणसावर चालून येत नाही; तरीही असा प्रसंग का घडतो, हे त्याची शरीररचना व राहणी समजून घेतल्यास ध्यानात येते.

पाकट हा मुशीचा, म्हणजे शार्कचा, आप्त होय. दोघांचाही सांगाडा हाडांचा नसून कूर्चेचा असतो. पाकटाच्या छातीचे पर डोक्यापर्यंत वाढून शरीराशी एकजीव झालेले असतात; त्यामुळे त्याचे शरीर चपट्या चकतीसारखे दिसते व मागे चाबकासारखी लांब शेपटी असते. डोळे पाठीच्या बाजूस, तर तोंड व कल्ल्यांच्या फटींच्या पाच जोड्या पोटाच्या बाजूस असतात. तळाशी पडून तोंडाने पाणी घेतल्यास त्याबरोबर वाळूही आत जाईल. म्हणून प्रत्येक डोळ्यामागे एक श्वासरंध्र असते. त्यातून घेतलेले पाणी कल्ल्यांवरून वाहून खालच्या फटींतून बाहेर पडते.

किनाऱ्याजवळचा उथळ, वाळूचा किंवा चिखलाचा तळ आणि खाड्यांची मुखे ही अनेक जातींच्या पाकटांची वस्तीची ठिकाणे होत. तेथे पर हलवून पाकट अंगावर वाळू ओढून घेतो; केवळ डोळे व श्वासरंध्रे उघडी राहतात. तोंड खाली असल्याने तोंडापाशी आलेले भक्ष्य त्याला दिसत नाही. ही उणीव दुसरे एक इंद्रिय भरून काढते. त्याच्या मुस्कटावर सूक्ष्म छिद्रे असतात. वाळूत लपलेल्या खेकड्याच्या किंवा कोळंबीच्या शरीरातून निघणारा अत्यंत क्षीण विद्युत्प्रवाह त्यांच्यायोगे त्याला जाणवतो. मग चपट्या दातांनी तो भक्ष्याचे कवच फोडतो.

शेपटीवरील काटा म्हणजे वस्तुतः रूपांतर पावलेला खवला होय. त्याच्या कडा करवतीसारख्या दातेरी असून त्यावरील आवरणाखाली विषारी ऊतक असते. या काट्याचा उपयोग शिकारीसाठी नव्हे, तर केवळ स्वसंरक्षणासाठी होतो. पावसाळ्यानंतरच्या गढूळ पाण्यात तळाशी निश्चल पडलेला पाकट दिसत नाही. त्याच्यावर पाय पडताच तो शेपटी उसळवतो आणि काटा पायात शिरतो.

हे विष प्रथिनयुक्त असून उष्णतेने निष्प्रभ होते. यास्तव जखम धुऊन, पोळणार नाही अशा बेताने सुमारे ४५ अंश सेल्सिअसच्या गरम पाण्यात पाय अर्धा ते दीड तास ठेवल्यास वेदना शमते. त्यानंतर वैद्यकीय उपचार घेणे अगत्याचे आहे, कारण काट्याचा तुकडा आत राहून जखम चिघळू शकते. छातीत, पोटात किंवा मानेत काटा रुतला असल्यास तो उपसू नये. रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे. उथळ पाण्यात चालताना पाऊल न उचलता तळाशी घासत नेणे हा सोपा प्रतिबंधक उपाय होय. त्या हालचालीची चाहूल लागताच पाकट निघून जातो. गमबूट घातल्यास धोका कमी होतो.

मनुष्याला पाकटापासून जेवढे भय आहे, त्याहून अधिक भय पाकटाला मनुष्यापासून आहे. बहुतेक मासे असंख्य अंडी घालतात. पाकटाची मादी मात्र पिलांनाच जन्म देते. गर्भाशयात स्रवणाऱ्या दुधासारख्या रसावर त्यांचे पोषण होते. ही पिले मोजकीच असतात. तळ खरवडत जाणाऱ्या ट्रॉल जाळ्यांत मोठ्या पाकटांबरोबर पिलेही सापडतात आणि ही हानी मंद प्रजननामुळे लवकर भरून येत नाही. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक पाहणीनुसार शार्क, पाकट व त्यांच्या आप्तांपैकी सुमारे एकतृतीयांश जातींना नामशेष होण्याचा धोका आहे. ज्या काट्याने पाकट शत्रूंपासून स्वतःला राखतो, तो काटा जाळ्यापुढे निरुपयोगी ठरतो. तेथे त्याचे रक्षण मनुष्याच्या संयमानेच होऊ शकेल.