मोटरहोममधली अंघोळ

अमेरिकेत मोटरहोम भाड्याने घेऊन फिरणाऱ्यांना शॉवर हमखास चकवतो. गाडीतला गीझर लहान असतो, बहुधा 6 किंवा 10 गॅलनचा, म्हणजे साधारण 23 ते 38 लिटर. पाणी मात्र अनेकदा 60 अंशांपर्यंत तापतं. ते थेट अंगावर घेतलं तर काही सेकंदांत पोळतं. म्हणून आधी गार नळ, मग हळूहळू गरम.

खरी गंमत पंपाची. तो दाबानुसार चालू-बंद होतो, आणि प्रत्येक झटक्याला गरम-गार पाण्याचं प्रमाण डगमगतं. दाब साठवणारी छोटी टाकी जोडली की हे बरंच थांबतं.

पाणी न साठवता वाहतं पाणी तापवणाऱ्या, म्हणजे टाकी नसलेल्या गीझरचं शास्त्र उलटं. गार पाणी जास्त मिसळलं की गीझरमधला प्रवाह मंदावतो, बर्नर विझतो आणि ऐन साबणात गारठा! तिथे तापमान गीझरवरच 40-42 अंशांवर ठेवावं आणि गार नळ जवळजवळ बंदच.

पाणी सारखं कोमटच येतंय? हिवाळ्यासाठी फिरवलेला, पाणी गीझरला वळसा घालून नेणारा बायपास व्हॉल्व्ह तसाच राहिलाय का, ते आधी बघा. मेकॅनिकला नंतर बोलवा.