उन्हाळी भाजीचा मुहूर्त

संक्रांत झाली की छत्रपती संभाजीनगरच्या बियाण्यांच्या दुकानांत एकच विचारणा सुरू होते : भेंडी आता टाकायची की थंडी जाऊ द्यायची? दुकानदार पाकीट उलटं करून दाखवतो. मागे ‘जानेवारी ते मार्च’ असं छापलेलं असतं. इतकी ऐसपैस मुदत कागदावरच बरी दिसते. जानेवारीत इथला पहाटेचा पारा बाराच्या आसपास असतो, एखादी लाट आली की दहाच्याही खाली जातो. मे महिन्यात दुपार चाळिशी गाठते. या दोन टोकांच्या मधे, विहिरीत पाणी असेपर्यंत, वेल चढायला हवा, फुलायला हवा आणि फळंही उतरायला हवीत. तीन महिन्यांतले कामाचे आठवडे मोजायला बसलं, तर हाताची बोटं पुरून उरतात.

फुलंब्रीच्या वाटेवर आबा आणि काकूंचा विहिरीवरचा एक छोटा मळा आहे. तिथे हे काम मी जवळून पाहत आलो आहे. ऊस, गहू, कापूस आबांकडे. विहिरीलगतचा भाजीचा तुकडा मात्र काकूंचा. त्यात काय लावायचं आणि कधी, यात आबा बोलत नाहीत.

काकूंची तयारी सुरू होते ती विहिरीपासून. जानेवारीच्या मध्याला त्या आबांना मोटर सलग चालवायला लावतात. किती वेळात फूटव्हॉल्व्ह उघडा पडतो ते बघतात. दुसऱ्या दिवशी सकाळी परत येऊन रात्रीतून पाणी किती चढलं ते कड्यावरच्या ओल्या रेषेवरून ताडतात. विहीर रात्रीतून भरून निघत असेल, तर पाणी मेच्या मध्यापर्यंत जाणार. पाणी अर्ध्यावरच थांबलं, तर एप्रिलअखेर आटोपतं घ्यायचं. ‘‘आधी इहिरीला इचारायचं, मग पंचांगाला,’’ काकू म्हणतात.

या उत्तरावरून पुढचा हिशेब उलटा चालतो. कारल्याला पहिला तोडा यायला साधारण साठ दिवस लागतात. पुढे महिना-सव्वा महिना तोडे मिळाले तरच मांडवाचा खर्च निघतो. म्हणजे शंभर दिवस. पाणी १५ मेपर्यंत धरलं, तर कारल्याचं बी ४ फेब्रुवारीला मातीत हवं. भेंडी पंचेचाळीस-पन्नास दिवसांत सुरू होते. तिचे नव्वद दिवस धरले तर १४ फेब्रुवारी. एप्रिलअखेरच पाणी तुटणार असेल, तर या तारखा पंधरा दिवस अलीकडे येतात आणि कारलं थेट थंडीत जाऊन पडतं. अशा साली काकू मांडव घालतच नाहीत. चाळीस-पंचेचाळीस दिवसांत हाती येणारी काकडी आणि कमी पाण्यावर तगणारी गवार, एवढ्यावर भागवतात.

पाणी हे शेवटचं टोक झालं. सुरुवातीचं टोक ठरवते ती मातीतली ऊब. काकडीचं बी पंधरा अंशांच्या मातीत उगवायला तेरा दिवस घेतं, वीस अंशांना सहा आणि पंचवीस अंशांना चार. भेंडी त्याहून आळशी : पंधरा अंशांना जवळपास चार आठवडे, तीस अंशांना आठवडा. घाई करून दहा दिवस आधी टोकलेलं बी दहा दिवस आधी उगवेल, असं होत नाही. ते गार ओलाव्यात पडून राहतं, त्यातलं काही सडतं, आणि मागाहून टोकलेलं त्याला गाठतं.

काकूंकडे तापमापक नाही. सूर्य वर येण्याआधी त्या वरंब्यात दोन पेरं बोट खुपसतात आणि थोडा वेळ तसंच ठेवतात. मग मूठभर माती दाबून ढेकूळ करतात आणि सोडतात. ढेकूळ पडून फुटलं, तर वाफसा आला. बोटाला गारवा डसेनासा झाला, तर ऊब आली. मी सोबत नेलेला, मातीत खुपसायचा तापमापक त्यांच्या बोटाशेजारी लावून पाहिला. त्यांनी मान हलवली त्या सकाळी काटा अठराच्या वर होता.

थोडी ऊब उसनीही घेता येते. सऱ्या पूर्व-पश्चिम पाडल्या की वरंब्याच्या दक्षिणेकडच्या उतारावर हिवाळ्याचं तिरपं ऊन दिवसभर राहतं. बी तिथेच टोकायचं. कारल्याचं कवच टणक. ते रात्रभर भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळतात आणि चुलीजवळच्या कोनाड्यात ठेवतात. मोड डोकावला की बी अलगद उचलून आळ्यात लावायचं.

घाई वाईट असेल, तर थोडं थांबून मार्चमध्ये लावायला काय हरकत आहे? हरकत आहे, आणि फक्त पाण्याची नाही. वेलवर्गीय पिकांत दिवस मोठा आणि तापमान चढं झालं की नर फुलं वाढतात, मादी फुलं कमी होतात. उशिराचा दोडका मांडवभर पसरतो, पिवळा धमक फुलतो, आणि टोपली रिकामी राहते. टोमॅटोची रात्र पंचवीस अंशांच्या घरात गेली की फुलं गळतात, म्हणून त्याची रोपं जानेवारीतच लावून मोकळं व्हायचं. भेंडीला ऊन मानवतं, पण ऊन वाढलं की पांढरी माशीही वाढते आणि पानाच्या शिरा पिवळ्या पाडणारा केवडा रोग आणते. परभणीच्या कृषी विद्यापीठाने ‘परभणी क्रांती’ हा वाण काढला तो याच रोगाला तोंड देण्यासाठी. आपल्या जिल्ह्यात कापूस मोठा. तो भेंडीच्याच कुळातला आणि तीच माशी पोसणारा. म्हणून शेजारच्या पऱ्हाट्या उपटून झाल्याशिवाय काकू भेंडीला हात लावत नाहीत.

पंचांगाचं काय? ‘शिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत जाते’ आणि ‘होळी जळाली, थंडी पळाली’ ही वाक्यं इथे घरोघर ऐकू येतात. पण तिथी चंद्रावर चालते आणि माती सूर्यावर तापते. २०२४ साली महाशिवरात्र ८ मार्चला होती, २०२५ साली २६ फेब्रुवारीला, २०२६ साली १५ फेब्रुवारीला. शिवरात्रीवर विसंबून भेंडी टाकणारा २०२६ साली वेळेवर असतो आणि २०२४ साली तीन आठवडे मागे. संक्रांत सूर्याची, म्हणून ती सहसा १४-१५ जानेवारी सोडत नाही. तिथून दिवस मोजलेले बरे.

जागा बदलली की प्रश्नही बदलतो. कोकणात थंडी बोचण्याइतकी पडतच नाही. भात कापून झालं की जमिनीतल्या ओलीवर नोव्हेंबर-डिसेंबरातच माठ, वाल, वांगी लागतात. नागपूरकडे जानेवारीची रात्र आपल्याहून गार आणि मेची दुपार पंचेचाळिशीची. तिथे ही फट आणखी चिंचोळी. न्यू जर्सीतल्या मराठी घरांत मार्चमध्ये खिडकीशी टोमॅटो-वांग्याची रोपं वाढतात, पण ती बाहेर जातात मेच्या मध्याला, शेवटची गोठवणारी रात्र सरल्यावर. भेंडी त्याच्याही मागून. ऑक्टोबरात गोठवणाऱ्या रात्री परत आल्या की बाग संपली. त्यांना दोन्ही टोकांना थंडी नडते. आपल्याला एका टोकाला थंडी आणि दुसऱ्या टोकाला कोरडी विहीर. म्हणून परदेशी पुस्तकांतलं किंवा व्हिडिओतलं लागवडीचं वेळापत्रक इथे उचलून आणण्यात अर्थ नाही.

शहरातल्या गच्चीवरही हाच नियम आहे, फक्त विहिरीच्या जागी टाकी. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या वसाहतीत एप्रिलमध्ये किती बादल्या झाडांना देता येतील, ते जानेवारीतच ठरवावं आणि तेवढ्याच कुंड्या भराव्यात. कुंडीतली माती लवकर तापते, त्यामुळे गच्चीवरची भेंडी मळ्याच्या आठवडाभर आधी टाकली तरी उगवते. पण ती माती वाळतेही लवकर. पश्चिमेच्या कठड्याला हिरवी जाळी आधीच बांधून ठेवावी.

सगळं बी एकाच दिवशी टाकू नका. अर्धं जानेवारीच्या शेवटी, उरलेलं पंधरा दिवसांनी. एका हप्त्याला थंडीची लाट लागली तर दुसरा हाताशी राहतो. आणि मार्च उजाडला तरी पाकीट तसंच पडून असेल, तर ते फोडू नका. हवाबंद डब्यात, सावलीत ठेवा. जूनचा पाऊस झाला की तेच बी कामी येईल.